लेखांक 9 : पंप बदलण्याआधी फुगा दाबून बघा

इंजेक्शनवाल्या इंजिनातला व्हेपर सेपरेटर या आठवड्यात उघडायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो आहे. गोदाकाठच्या एका बचाव पथकातल्या वाचकाचं पत्र आलंय आणि पावसाळ्याआधी त्यांना उत्तर मिळायला हवं. त्यांच्या रबरी बोटीचं ओबीएम, म्हणजे आउटबोर्ड इंजिन, टू-स्ट्रोक, कार्बोरेटरवालं आहे. ते लिहितात, ‘पाण्याच्या पिंपात निवांत चालतं. नाथसागरात पूर्ण रेस दिली की पाच-सात मिनिटांत दम टाकतं. मेकॅनिक म्हणतो, पेट्रोलचा दाब कमी आहे, पंप बदला. बदलू का?’

इतक्यात नको. या जातीच्या इंजिनात क्रँककेसमधला दाब पिस्टनबरोबर कमी-जास्त होतो आणि त्या धक्क्यांवर पंपातला पातळ डायफ्राम हलतो. तो मागच्या बाजूला थोडी पोकळी करतो, एवढंच. टाकीतलं पेट्रोल वर ढकलते ती बाहेरची हवा. हवेला टाकीत शिरायला वाट नसेल, तर नवाकोरा पंपही काही करू शकत नाही. म्हणून दाब कमी दिसला की मी आधी पंपाच्या मागे, टाकीच्या दिशेने बघतो.

पहिली तपासणी टाकीच्या झाकणावरच्या हवेच्या स्क्रूची. जीपमधून टाकी नेताना तो बंद करतात, ते योग्यच. पण पाण्यावर पोहोचल्यावर घाईत उघडायचा राहतो. मे महिन्यात पैठणच्या उन्हात बंद टाकी फुगते, त्यामुळे इंजिन सुरुवातीला झकास चालतं. पेट्रोल संपत जातं तशी आत पोकळी वाढते आणि पुरवठा आटतो. इंजिन बंद पडल्याबरोबर झाकण सैल करा. हवा फुस्सकन आत शिरली, तर दुखणं सापडलं.

स्क्रू उघडाच असेल, तर नळीवरच्या रबरी फुग्याकडे वळा. सुरू करण्यापूर्वी त्यावरचा बाण इंजिनाकडे आहे ना ते पाहा, बाण वर धरून दाबा. कार्बोरेटर भरला की फुगा कडक झाला पाहिजे. मग इंजिन दम टाकू लागेल त्या क्षणी सोबत्याला फुग्यावर लक्ष ठेवायला सांगा. फुगा चपटा झाला, तर अडथळा त्याच्या मागे आहे : स्क्रू, टाकीतली जाळी किंवा मागची नळी. चपटा नाही, पण दाबत राहिलं की इंजिन सावरतं, तर पंप थकलाय किंवा नळीत कुठेतरी हवा शिरतेय.

या दोहोंतला फरक हातभर पारदर्शक नळीने कळतो. ती पंपाच्या अलीकडे जोडा. बुडबुडे धावताना दिसले, तर हवा शिरतेय. ओढीच्या बाजूची गळती फसवी असते, कारण इंजिन चालू असताना तिथून पेट्रोलचा थेंबही बाहेर येत नाही. चिरलेल्या स्ट्रॉने उसाचा रस ओढावा तसं होतं : रस कमी, हवा जास्त. इंजिन बंद करून फुगा कडक दाबा आणि जोडांवरून कोरडं बोट फिरवा. बोट ओलं झालं तिथली क्लिप किंवा कनेक्टरची ओ-रिंग बदला.

व्हॅक्यूम गेज असेल तर ते पंपाच्या लगेच आधी बसवा. पूर्ण रेसवर काटा पाऱ्याच्या चार इंचांपलीकडे गेला, तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे, मग फिल्टर आणि जुनी नळी पाहा. सध्या पेट्रोल पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. बहुतेक आउटबोर्ड कंपन्या मात्र 10 टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉलने जुन्या नळीचं आतलं अस्तर सुटू शकतं. बाहेरून नळी धडधाकट आणि आतून वाट अर्धी बंद, असं होतं.

काटा कमी, बुडबुडे नाहीत, तरीही फुगा दाबल्यावरच इंजिन सावरतं : असं असेल तर पंप उघडा. डायफ्राम ताठरला किंवा फाटला असेल.

आता पिंपात का चालतं, ते. तिथे रेस कमी, पेट्रोलची मागणी कमी. अर्धी बुजलेली नळीही तेवढं सहज देते. सगळं उघडं पडतं ते भाराखाली. म्हणूनच पिंपातल्या रंगीत तालमीवर माझा भरवसा नाही. 2006 च्या ऑगस्टमध्ये नाथसागराच्या जायकवाडी धरणाचे दरवाजे उघडले आणि पैठणमध्ये गोदावरीचं पाणी शिरलं. तशा प्रवाहात बोट पूर्ण रेसवर चालवावी लागते आणि इंजिन बंद पडलं तर नदी वेळ देत नाही. प्रत्येक पथकाने जूनआधी बोट पाण्यात उतरवावी, माणसं बसवावीत, पूर्ण रेसवर पंधरा मिनिटं चालवावी आणि फुग्यावर एकाची नजर ठेवावी. जुनं पेट्रोल आधी काढून टाकावं, सुटी नळी-फुगा-कनेक्टर असा एक पूर्ण संच बोटीतच ठेवावा.

फोर-स्ट्रोक इंजेक्शनवाल्यांनाही हे सगळं लागू आहे, कारण त्यांच्या उच्च दाबाच्या पंपाआधीही अशीच ओढीची वाट असते. तो पंप आणि व्हेपर सेपरेटर पुढच्या आठवड्यात.