जुन्या मुळांवरचे नवे गवत

‘बँजो’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मिरवणुकीत बटने दाबून वाजवले जाणारे वाद्य येते. अमेरिकेतील बँजो निराळा. गोल चौकटीवर डफासारखे कातडे ताणून त्याला लांब मान जोडलेले ते तंतुवाद्य होय. बँजो, मेंडोलिन, फिडल म्हणजेच व्हायोलिन, गिटार आणि उभा बास यांच्या मेळातून १९४०च्या दशकात ‘ब्लूग्रास’ संगीत आकाराला आले. केंटकी राज्यात जन्मलेले बिल मन्रो हे त्याचे जनक. त्यांच्या ‘ब्लू ग्रास बॉईज’ या वाद्यवृंदावरूनच या शैलीला नाव मिळाले.

पुढे या शैलीचे घराण्यासारखे दंडक बनले. विजेवर चालणारी वाद्ये वर्ज्य आणि ड्रमही नको. तालाचा भार मेंडोलिनवरील तुटक आघातांनी आणि बासने उचलायचा. या चौकटीला पहिला मोठा धक्का दिला तो ‘न्यू ग्रास रिव्हायव्हल’ने. १९७१ मध्ये केंटकीतील लुइव्हिल शहरात सॅम बुश, कोर्टनी जॉन्सन, कर्टिस बर्च आणि एबो वॉकर हे चौघे ‘ब्लूग्रास अलायन्स’ या वृंदातून बाहेर पडले व त्यांनी नवा संसार मांडला. केस लांब, कपडे रोजचे आणि कार्यक्रमात चक्क रॉकची गाणी! एखादी धून हाती घेऊन ते ती मंचावरच दीर्घकाळ फुलवीत नेत. जॉन कोवन आल्यावर विजेवरचा बासही रुळला.

जुन्या रसिकांना हा धर्मबाह्य प्रकार वाटला. तरुण श्रोते मात्र लाभले, विशेषतः कोलोरॅडोतील टेल्युराइड महोत्सवात. १९८१ मध्ये जॉन्सन व बर्च बाहेर पडले आणि बँजोवादक बेला फ्लेक व गिटारवादक पॅट फ्लिन आले. तरीही मोठे व्यावसायिक यश हुलकावणीच देत राहिले आणि ३१ डिसेंबर १९८९ रोजी ओकलंड येथील कार्यक्रमानंतर वृंद विसर्जित झाला. ब्लूग्रासच्या मानकऱ्यांच्या दालनात त्याला स्थान मिळाले ते २०२० मध्ये.

मग या चौघांनी परंपरा मोडली का? मन्रो यांच्या संगीताकडे पाहिले की उत्तर सापडते. स्कॉटिश-आयरिश फिडलच्या धुना, कृष्णवर्णीयांचे ब्लूज आणि चर्चमधील गायन यांच्या मिश्रणातूनच ते घडले होते. १९४५ मध्ये त्यांच्या वृंदात आलेल्या अर्ल स्क्रग्ज यांचे तीन बोटांचे बँजोवादनही तेव्हा श्रोत्यांना नवलाचेच वाटले होते. जे आज जुने, ते एके काळी नवेच होते.

फ्लेक यांचा पुढचा प्रवास याच वाटेवरचा. मुंबईकर उस्ताद झाकिर हुसेन, बासरीवादक राकेश चौरसिया आणि बासवादक एडगर मेयर यांच्यासह त्यांनी केलेल्या ‘अ‍ॅज वी स्पीक’ या ध्वनिमुद्रिकेला २०२४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार लाभला. दंडक जपणाऱ्यांनी ब्लूग्रास टिकवले, हे खरे. पण त्याला तबल्याशी बोलते केले, ते दंडक ओलांडणाऱ्यांनीच.