आनंद : एका शब्दाचे माप

सुख, हर्ष, समाधान आणि आनंद हे शब्द कोशात शेजारी बसत असले, तरी व्यवहारात त्यांची घरे निराळी आहेत. पोटभर जेवण झाले की समाधान वाटते. दुरावलेला मित्र अवचित भेटला की हर्ष होतो. मराठी माणूस ‘सुखसोयी’ म्हणतो, ‘आनंदसोयी’ म्हणत नाही. यास्काने निरुक्तात सुखाची फोड करताना ‘ख’ म्हणजे इंद्रिये, त्यांना जे हितकर ते सुख, असे सांगितले. सुख असे बाहेरच्या विषयांवर अवलंबून असते. म्हणून दुःख हा त्याचा जन्माचा जोडीदार. ‘सुखदुःख’ हा समास सर्वांच्या तोंडी आहे; आनंदाला असा जोडीदार भाषेने दिलेला नाही.

‘नन्द्’ धातूला ‘आ’ उपसर्ग लागून हा शब्द सिद्ध झाला. त्याचे माप तैत्तिरीय उपनिषदाच्या ब्रह्मानंदवल्लीत घेतलेले आढळते. तरुण, सज्जन, विद्यावान, बलवान आणि धनाने भरलेल्या सगळ्या पृथ्वीचा स्वामी असा पुरुष कल्पावा. त्याचा आनंद हा एक मानवी आनंद. तेथून मनुष्यगंधर्वापासून ब्रह्मापर्यंत १० पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरी आधीच्या १०० पट आहे. परंतु मर्म पुढेच आहे. कामनेने न ग्रासलेल्या वेदज्ञालाही तेवढाच आनंद लाभतो, असे प्रत्येक पायरीवर बजावले आहे. पृथ्वीचे धन मोजणीच्या आरंभी येते; वर चढविते ती निष्कामता.

१४व्या शतकात विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त रसास्वादाला ब्रह्मास्वादाचा सहोदर म्हटले, त्यातही हेच सूत्र दिसते. शकुंतलेच्या वियोगाने डोळे भरून आलेल्या प्रेक्षकाला तिच्यापासून स्वतःसाठी काही मिळवावयाचे नसते.

रोजच्या वापरात मात्र हा शब्द झिजत आहे. ‘कळविण्यास आनंद होतो’ असे पत्रात लिहिले जाते, तेव्हा आनंद कोणालाच झालेला नसतो. मुलाचे प्रगतिपुस्तक पाहून वडील ‘आनंद आहे!’ म्हणतात, तो उपरोध त्यापेक्षा प्रामाणिक. कारण शब्दाचे वजन ठाऊक असल्यावाचून उपरोध साधत नाही. जाहिरातींतून वस्तूबरोबर आनंद देऊ केला जातो. विकले जाते ते सुखच. सुखात वावगे काही नाही. पण दोन शब्दांमधील ही सीमा पुसली गेली, तर जे विकत मिळत नाही त्याला हाक मारण्यासाठी नावच उरणार नाही.