कुरुंद्याचे गुरुजी

१० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला, व्यासपीठावरच हृदयविकाराचा झटका येऊन नरहर कुरुंदकर गेले. वय अवघं ४९. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे ते प्राचार्य होते आणि विचारवंत म्हणून त्यांचं नाव महाराष्ट्रभर झालेलं होतं. मराठवाड्यातल्या माणसांनी मात्र त्यांना शेवटपर्यंत ‘गुरुजी’ म्हणूनच हाक मारली. त्यांना जाऊन चार दशकं उलटली. आजही फेब्रुवारी लागला की नांदेडला, वसमतला, हिंगोलीला कुणी ना कुणी त्यांच्याविषयी बोलायला उभं राहतं.

मी वसमत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. गुरुजींचं आडनाव ज्या गावावरून आलं ते टोकाईच्या गडाजवळचं कुरुंदा आमच्याच तालुक्यात. त्यांचा जन्म १५ जुलै १९३२ चा, आजोळी नांदापूरला. तेव्हा हा सगळा मुलूख परभणी जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा जिल्हा झाला आणि कुरुंदा, नांदापूर, वसमत ही तिन्ही गावं त्यात आली. त्यांचं सुरुवातीचं शिक्षण वसमतलाच झालं. त्यांच्या वर्गात बसायचं भाग्य काही मला लाभलं नाही. मी त्यांची विद्यार्थिनी झाले ती त्यांच्या पुस्तकांमधून, आणि ज्यांनी त्यांना ऐकलं होतं अशा वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून. म्हणून मला गुरुजींच्या विद्वत्तेपेक्षा त्यांच्या शिकवण्याविषयी लिहायचं आहे. माणूस गेल्यावर त्याचं काय उरतं, हे मोजायची एक रीत त्यांनीच आपल्याला शिकवली. त्याच रीतीने त्यांची आठवण काढावी असं मला मनापासून वाटतं.

आधी त्या काळाकडे पाहू. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झालं, त्याचं माध्यम उर्दू. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला पुढे शिकायचं तर उर्दूतूनच शिकावं लागे. ‘गश्ती निशान त्रेपन्न’ नावाचा फतवा होता; त्यामुळे साधी सभा घ्यायची तरी सरकारची परवानगी लागायची. खाजगी शाळा काढणंही सोपं नव्हतं. अशा दिवसांत जो माणूस मराठी शाळा चालवी, मुलांना मातृभाषेतून शिकवी, तो सरकारच्या नजरेत शिक्षक कमी आणि चळवळ्या जास्त असे. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ आधी तिथले मुख्याध्यापक होते, मग अंबाजोगाईला शिकवत होते. आमच्याकडे लढा उभा राहिला तो शाळांमधून. मास्तर आणि कार्यकर्ता ही दोन वेगळी माणसं असतात, असं आमच्या आजोबांच्या पिढीला कधी वाटलंच नाही.

कुरुंदकर याच मातीत वाढले. पुढच्या शिक्षणासाठी ते हैदराबादला मामांकडे गेले. मामा म्हणजे डॉ. ना. गो. नांदापूरकर, उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक. मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या महाभारतांचा त्यांचा अभ्यास आजही मानला जातो. घरात ग्रंथ होते, बाहेर संग्राम पेटलेला होता, आणि हा मुलगा दोन्हीकडे ओढला गेला. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. पाठ्यपुस्तक सोडून बाकी सगळं वाचणाऱ्या या मुलाला इंटरच्या परीक्षेत अपयश आलं. पदवी नसतानाच १९५५ मध्ये तो नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाला.

शाळेतली ही आठ वर्षं फार मोलाची आहेत. आपण त्यांना प्राचार्य, समीक्षक, वक्ता म्हणून ओळखतो; पण त्यांची शिकवण्याची पद्धत मला या शाळेतल्या वर्षांत घडलेली दिसते. समोर प्राध्यापक असले की अर्धं वाक्य बोलून भागतं. समोर आठवीतलं पोरगं असेल तर आधी गोष्ट मुळापासून उलगडावी लागते, त्याच्या मनातली शंका त्याच्याआधी आपल्याला सुचावी लागते. गुरुजींचा कुठलाही लेख उघडा, तो असाच चालतो. अवघड शब्दांची भिंत नसते. एक प्रश्न घेतात, त्याचे पदर सोडवतात, वाचकाच्या मनात जे ‘पण’ उठतं ते स्वतःच मांडतात आणि मग पुढे जातात. नोकरी करता करता त्यांनी बी.ए. केलं, एम.ए. केलं आणि १९६३ मध्ये पीपल्स कॉलेजात मराठीचे अध्यापक झाले. हे कॉलेज १९५० साली स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं. जिथे उच्च शिक्षणाची वाट हैदराबादला जात होती, तिथे गोदावरीकाठी आपल्या मुलांसाठी आपलं कॉलेज निघालं होतं.

त्यांचं दुसरं काम वर्गाबाहेरचं. राष्ट्र सेवा दलाशी ते जोडलेले होते. शिबिरं, अभ्यासवर्ग, गावोगावच्या व्याख्यानमाला यांत त्यांच्या आयुष्याची कितीतरी वर्षं गेली. विषय तरी किती! भरताचं नाट्यशास्त्र, संगीत, मराठी कादंबरी, गांधी आणि नेहरू, हैदराबादचा लढा, मनुस्मृती, हिंदू-मुस्लिम प्रश्न. त्यांचे श्रोते म्हणजे तालुक्याच्या गावचे मास्तर, वकील, दुकानदार, कॉलेजची पोरं, शेतकरी. ज्या मुलखात परवानगीशिवाय सभाही घेता येत नव्हती, तिथे स्वातंत्र्यानंतर लोकांना सभेत बसून विचार करायची सवय लावायची होती. कुणीतरी अंगावर घेतल्याशिवाय ते काम होणार नव्हतं. गुरुजींनी ते घेतलं. समाजकार्य म्हटलं की आपल्याला रक्तदान शिबिर आठवतं, पूरग्रस्तांना धान्य वाटणं आठवतं. ती कामं मोठीच आहेत. पण एखाद्या गावाला नीट वाद घालायला शिकवणं हेही समाजकार्यच आहे, आणि ते करणारी माणसं फार थोडी असतात.

त्यांची रीत अशी, की ज्याचं म्हणणं खोडायचं, त्याचं म्हणणं आधी त्याच्यापेक्षाही नीट मांडायचं. मनुस्मृतीवरच्या विवेचनाचंच पाहा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचं दहन केलं. हा ग्रंथ जाळण्यालायकच आहे असं मानणाऱ्यांच्या बाजूला आपण उभे आहोत, हे गुरुजी सुरुवातीलाच सांगून टाकतात. आपली जागा कुठली याबद्दल श्रोत्याला अंधारात ठेवत नाहीत. आणि मग शांतपणे, तपशिलात, तो ग्रंथ काय सांगतो, कशातून उभा राहिला, त्याच्या समर्थकांचे मुद्दे कोणते, हे उलगडत नेतात. ‘जागर’ आणि ‘शिवरात्र’ या पुस्तकांतही हेच. हिंदुत्ववादी राजकारणाची ते कठोर चिकित्सा करतात आणि मुस्लिम जातीय राजकारणाचीही तितकीच करतात. हमीद दलवाईंनी १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. त्या धाडसी माणसाविषयी गुरुजींना आपुलकी होती. दोन्हीकडची माणसं त्यांच्यावर रागावत, पण आमचं म्हणणं त्यांनी वाचलंच नाही, असं म्हणायची सोय त्यांनी कुणालाच ठेवली नव्हती.

ही रीत आजच्या शाळेत चालते का? माझ्यापुरतं उत्तर मी सांगू शकते. आमच्या भागात जानेवारी उजाडला की हळद काढायचे दिवस येतात. काढणी, शिजवणी, वाळवणी, मग वसमतच्या मोंढ्यात माल. मजूर मिळत नाहीत, म्हणून घरातली पोरं रानात जातात आणि वर्ग निम्मा रिकामा दिसतो. एके वर्षी सातवीच्या वर्गात मी विषय दिला: हळदीच्या दिवसांत शाळा बुडवावी की नाही? अट गुरुजींची. जे मत आपलं नाही, ते मांडायचं, आणि असं मांडायचं की समोरच्याने ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ असं कबूल केलं पाहिजे. कधीही शाळा न बुडवणारी एक मुलगी शाळा बुडवणाऱ्या मुलाच्या बाजूने बोलणार होती. ती त्याच्या घरी गेली, त्याच्या आईजवळ बसली. मजुरी किती द्यावी लागते, शिजवलेली हळद वेळेवर वाळली नाही तर भाव कसा पडतो, सगळं विचारून आली. वर्गात ती बोलली तेव्हा तो मुलगा मान खाली घालून ऐकत होता. मग तो उठला आणि शाळा का बुडवू नये यावर बोलला. त्याच्या थोरल्या बहिणीची शाळा अशाच एका हंगामात सुटली आणि परत सुरू झाली नाही, हे त्याने सांगितलं. त्या चर्चेतून आम्ही ठरवलं की हंगाम संपेपर्यंत राहिलेले धडे संध्याकाळी समाजमंदिरात घ्यायचे. पोरं हातापायाला हळदीचा रंग घेऊन यायची. त्या मुलांपैकी कुणीही कुरुंदकरांचं नाव तोवर ऐकलेलं नव्हतं, आणि तरीही ती त्यांच्याकडूनच शिकत होती.

आता मोजायच्या रीतीकडे येते. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ या कादंबरीला गुरुजींची प्रस्तावना आहे. देसाईंना लिहिलेलं ते एक दीर्घ पत्र आहे. शिवाजी महाराजांचं मोठेपण नेमकं कशात, हा त्यातला प्रश्न. चमत्कार बाजूला ठेवले, दैवी अवतार बाजूला ठेवला, नुसती शौर्याची वर्णनंही बाजूला ठेवली, तर काय राहतं? गुरुजी आपलं बोट महाराजांच्या मृत्यूनंतरच्या काळावर ठेवतात. १६८० मध्ये महाराज गेले. औरंगजेब स्वतः दख्खनेत उतरला. १६८९ मध्ये संभाजी महाराजांना ठार केलं, राजधानी गेली, राजाराम महाराजांना जिंजीला जावं लागलं. धड राजा नाही, खजिना नाही, राजधानी नाही, आणि तरी इथली साधी माणसं लढत राहिली. १७०७ मध्ये औरंगजेब इथेच मेला, पण हे राज्य काही त्याला बुडवता आलं नाही. ते राज्य आपलं आहे, ही जाणीव महाराजांनी रयतेच्या मनात रुजवली होती. राजा गेल्यावर रयत काय करते, यावरून राजा ओळखायचा.

शिक्षकालाही मी हीच मोजपट्टी लावते. शिक्षक जिवंत असतो तोवर त्याच्या धाकाने, प्रेमाने, शब्दाच्या जादूने मुलं वाचतात, विचार करतात. तो गेल्यावर काय होतं? गुरुजी गेले तेव्हा नांदेडमध्ये, मराठवाड्यात एक भीती होती, की आता सांगणारं कोण? पण त्यांची व्याख्यानं लिहून ठेवणारी, लेख जमवणारी माणसं पुढे आली. मनुस्मृतीवरचं विवेचन, हैदराबादच्या लढ्यावरचं लेखन पुस्तकरूपाने त्यांच्या मागे वाचकांपुढे आलं. निवडक लेखांचे खंड निघाले. आज विशी-पंचविशीतली मुलं त्यांच्यावर बोलतात, भांडतात, काही ठिकाणी त्यांचं चुकलं असंही ठासून सांगतात. मला त्याचा आनंदच होतो. ज्याच्याशी वाद घालावासा वाटतो, तो शिक्षक संपलेला नसतो.

आपल्याकडे गावचा मास्तर गेला की शोकसभा होते, फोटोला हार पडतो, चौकात फलक लागतो. त्यामागचं प्रेम खरं असतं, त्याला मी कमी लेखत नाही. पण शिक्षकाच्या आठवणीला आणखी एक गोष्ट लागते: तो जे करायचा ते कुणीतरी पुढे करायचं. तो गणित शिकवायचा तर अडलेल्या दोन पोरांना गणित शिकवा. तो वाचनालय चालवायचा तर त्याची किल्ली हातात घ्या, वर्गणी गोळा करा, संध्याकाळी दार उघडा. गुरुजी वाद घालायला शिकवायचे, म्हणून आम्ही दर फेब्रुवारीत एकत्र बसून त्यांचा एक लेख मोठ्याने वाचतो आणि ज्याला तो पटला नाही त्याला आधी बोलू देतो. आमच्या बैठकीत निवृत्त मास्तर आहेत, मोंढ्यातल्या आडतीवरचा मुनीम आहे, अंगणवाडीताई आहे, कॉलेजची पोरं आहेत. जातीही वेगळ्या, पक्षही वेगळे. कधी आवाज चढतात. पण दुसऱ्याचं म्हणणं त्याच्या तोंडाने नव्हे, आपल्या तोंडाने मांडायची अट कुणी मोडत नाही, आणि त्यामुळे उठून जायची वेळ अजून कुणावर आलेली नाही.

असं काही आपल्या गावी सुरू करावं म्हणून कुणी विचारलं, तर मी ‘श्रीमान योगी’च्या प्रस्तावनेपासून सुरुवात करायला सांगते, कारण महाराज सगळ्यांचे आहेत आणि त्यांच्याविषयी ऐकायला सगळे येतात. त्यानंतर ‘शिवरात्र’ घ्या. त्या पुस्तकात प्रत्येकाला आपल्याला न पटणारं पान सापडतंच. ज्याला सापडेल, त्याला पहिल्यांदा बोलायला उभं करा.