उच्चारोपचार

उच्चारोपचार ही वाचा-उपचाराची एक शाखा होय. भाषेतील एखादा ध्वनी नीट उच्चारता न येणाऱ्या व्यक्तीस, विशेषतः बालकास, तो ध्वनी क्रमाने शिकविणे हा तिचा उद्देश असतो. एका ध्वनीऐवजी दुसरा उच्चारणे ('काका'ऐवजी 'ताता'), ध्वनी गाळणे, अधिक ध्वनी घालणे आणि ध्वनी विकृत करणे असे उच्चारदोषांचे चार स्थूल प्रकार मानले जातात.

पूर्वतपासणी

लहान वयातील बोबडे बोल स्वाभाविक असतात. प, ब, म हे ओष्ठ्य ध्वनी मुले लवकर आत्मसात करतात. र, ळ, श यांना अधिक काळ लागतो. वय वाढूनही दोष टिकल्यास प्रथम श्रवणचाचणी करतात, कारण जो ध्वनी स्पष्ट ऐकू येत नाही तो उच्चारणे कठीण असते. दुभंगलेली टाळू किंवा जिभेच्या हालचालीतील अडथळाही तपासला जातो.

शिकविण्याचा क्रम

अमेरिकन वाचातज्ज्ञ चार्ल्स व्हॅन रायपर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पारंपरिक पद्धतीत मूल आधी योग्य व अयोग्य उच्चारातील फरक ऐकून ओळखते. त्यानंतर सुटा ध्वनी, अक्षर, शब्द, वाक्य व संभाषण अशा पायऱ्या घेतल्या जातात. मराठीत 'काळ–काल', 'वेळ–वेल' यांसारख्या जोड्यांची चित्रे दाखविल्यास ध्वनी बदलला की अर्थ बदलतो, हे मुलाला उमगते.

प्रात्यक्षिक तंत्रे

* क : मूल 'त' म्हणत असल्यास जिभेचे टोक लाकडी पट्टीने हलके दाबून धरतात, त्यामुळे जिभेचा मागचा भाग उचलला जातो.
* ळ : 'ल' म्हणताना जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लावावयास व पुढे झटकावयास सांगतात. आरशाचा उपयोग होतो.
* प–फ : ओठांसमोर कागदाची पट्टी धरतात, 'फ' या महाप्राणाच्या वेळी ती अधिक हलते.
* प–ब : गळ्यावर हात ठेवून 'ब'चे कंपन जाणवून देतात.
* च : 'चार' व 'चाक' यांत अक्षर एकच असले तरी ध्वनी भिन्न आहेत. म्हणून सरावासाठी एकाच ध्वनीचे शब्द निवडावे लागतात.

बोली आणि दोष

बोलीतील उच्चार हा दोष नव्हे. ग्रामीण बोलींत 'पाणी'चे 'पानी' होते, तर वऱ्हाडीत 'डोळा'चे 'डोया' होते. नेवाशासारख्या तालुक्यातील मूल घरी 'पानी' ऐकत असेल, तर त्याचा तोच उच्चार निरोगी वाचेचे लक्षण ठरतो. प्रमाण उच्चार शाळेत जरूर शिकवावा; मात्र बोलीला व्यंग ठरविल्यास मूल बोलणेच टाळू लागण्याची शक्यता असते. याउलट, खरा दोष 'मोठेपणी सुधारेल' म्हणून दुर्लक्षिल्यास श्रवणदोष लपून राहू शकतो.

पालक व शिक्षकांची भूमिका

मुलाची नक्कल करू नये किंवा चारचौघांत चूक दाखवू नये. मूल 'ताता' म्हणाल्यास 'हो, काका आले' असा शुद्ध उच्चार सहज ऐकवावा. रोजचा थोडा सराव एकदाच्या दीर्घ सरावापेक्षा उपयुक्त ठरतो.

उपलब्ध सेवा

मुंबईतील वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाक् व श्रवण क्षेत्रात प्रशिक्षण व उपचार देते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत अंगणवाडी व शाळांतील मुलांची तपासणी होते. त्यात श्रवणदोष, दुभंगलेले ओठ व टाळू आणि भाषाविकासातील विलंब यांचा समावेश आहे.