वर्षावृक्ष शेंड्याकडून वाळू लागला तर

सोसायटीतल्या रेन ट्रीचा शेंडा उघडा पडला की पहिला फोन जातो फांद्या तोडणाऱ्याला. तो वाळलेले लाकूड उतरवतो, पैसे घेतो. पुढच्या उन्हाळ्यात शेजारची फांदी वाळते. दोष त्याचा नाही. वाळणे वर दिसत असले, तरी त्याचे मूळ बहुधा जमिनीत असते आणि तिकडे कोणी पाहिलेलेच नसते.

आधी फांदी खरोखर मेली आहे का, ते ठरवावे. वर्षावृक्ष, म्हणजे विलायती शिरीष, मूळचा मध्य व दक्षिण अमेरिकेतला. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तो बरीच पाने गाळतो. तेव्हा घाबरायचे कारण नाही. बाकीचे झाड पालवले आणि एक भाग तसाच खराटा राहिला, तर नखाने किंवा चाकूच्या टोकाने कोवळी साल खरवडावी. खाली हिरवे, ओलसर दिसले तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडे दिसले तर तो भाग गेला. शेंड्याकडून खोडाकडे येत हिरवे कुठे सुरू होते, तिथे खूण करून फोटो काढावा. वर्षभराने ती खूण खोडाकडे सरकली की नाही, यावरून झाड सावरतेय की खचतेय ते कळते.

मग वाळण्याची ठेवण पाहावी. मधली एकच फांदी वाळली असेल, तर त्याच फांदीवर साल फाटलेली जागा, खोडकिड्याची भोके आणि भुसा किंवा बांडगूळ शोधावे. पानांवर चिकटा, त्यावर काजळीसारखी बुरशी, कोवळ्या फांद्यांवर पांढरा कापूस आणि मुंग्यांची ये-जा दिसली तर तो पिठ्या ढेकूण. मुंबईत अनेक वर्षावृक्ष वाळले तेव्हा बोट याच किडीकडे दाखवले गेले. पण अशक्त झाडावर कीड अधिक भारी पडते, म्हणून तिच्यापाशी तपास थांबवू नये.

एकच बाजू वाळत असेल तर त्या बाजूला केबल, गटार किंवा पाइपसाठी चर खणला होता का, हे जुन्या रहिवाशांना विचारावे. अन्न-पाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही जातात. ती तोडल्याचा परिणाम दोन-तीन वर्षांनीही दिसू शकतो. तोवर चर कोणाच्या लक्षातही नसतो. सगळा शेंडाच चहूबाजूंनी विरळ होत असेल, तर बुंध्याला भिडलेले काँक्रीट, पेव्हर ब्लॉक किंवा टाकलेला भराव यांवर माझा पहिला संशय.

उपाय तिथूनच सुरू होतात. बुंध्याभोवतीचे काँक्रीट, मुळांना धक्का न लावता, जमेल तितके लांबपर्यंत काढावे. भराव हलक्या हाताने उतरवावा. मोकळ्या मातीवर दोन-तीन इंच पालापाचोळा पसरावा, पण बुंध्याला टेकू देऊ नये. उन्हाळ्यात रोज शिंपडण्यापेक्षा आठ-दहा दिवसांनी खोल मुरेल इतके पाणी द्यावे. युरिया घालण्याचा मोह टाळावा. मुळे दुखावलेल्या झाडाला पालवी फोडायला भाग पाडण्यात काही हशील नाही.

मेलेली फांदी खाली पडण्याआधी काढायलाच हवी. त्यासाठी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्यावी. जड फांदी तीन कापांत काढतात: खोडापासून फूटभरावर खालून अर्धवट काप, त्याच्या थोडे पुढे वरून काप, म्हणजे साल सोलली जात नाही, मग उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याला न दुखावता. अमेरिकी वनस्पतिरोगतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी 1970च्या दशकात दाखवून दिले की झाड जखम भरत नाही, ती आत कोंडून बाजूला टाकते. ते काम हे कडे करते. जखमेवर डांबर किंवा रंग फासल्याने कूज थांबत नाही.

बुंध्याशी कडक, पंख्यासारखी बुरशी उगवली असेल तर गोष्ट वेगळी. ती मुळे किंवा बुंधा आतून कुजल्याची खूण असू शकते, आणि असे झाड वरून हिरवे असतानाही कोसळते. तेव्हा आळे-पाणी बाजूला ठेवून उद्यान विभागाला तपासणीला बोलवावे. तोवर खाली गाड्या लावू नयेत, मुलांना खेळू देऊ नये.