होमिओपॅथीचे तत्त्वज्ञान कसे घडले?

होमिओपॅथीच्या पांढऱ्या गोड गोळ्या घरी कधीच आल्या नाहीत, असे कुटुंब आपल्यात क्वचितच असेल. आपले काही विद्यार्थी बी.एच.एम.एस.ला प्रवेशही घेतात. परंतु या पद्धतीमागील विचार कोठून आला व कसा बदलत गेला, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

या पद्धतीचे जनक डॉ. सॅम्युअल हानेमान यांचा जन्म १७५५ साली जर्मनीतील माइसेन येथे झाला. त्या काळी युरोपात रोग्याची शीर कापून रक्त काढणे, जुलाब देणे, पाऱ्याची औषधे भरपूर पाजणे हाच उपचार असे. रोगाने नव्हे तर उपचारानेच माणूस खचून जाई. १७९० साली कलेन यांच्या औषधीग्रंथाचे भाषांतर करीत असताना सिंकोनाच्या सालीविषयीचे त्यांचे स्पष्टीकरण हानेमान यांना पटले नाही. त्यांनी ती साल स्वतः घेऊन पाहिली, तेव्हा हिवतापासारखी लक्षणे जाणवली असे ते लिहितात. यातूनच, निरोगी माणसात जे द्रव्य जी लक्षणे निर्माण करते तेच द्रव्य तशा लक्षणांचा रोग बरा करते, हा ‘समाने समाचा उपचार’ १७९६ साली त्यांनी मांडला. ‘ऑर्गेनॉन’ हा त्यांचा मुख्य ग्रंथ १८१० चा.

येथवरची भूमिका निरीक्षणाची होती. ग्रंथावर विसंबून न राहता औषध निरोगी माणसावर पारखून पाहावे, हा आग्रह त्या काळात निश्चितच पुढचा होता. पुढे मात्र वळण बदलले. औषधाचा त्रास कमी व्हावा म्हणून ते पातळ करता करता, पातळ करून हलविल्याने त्याची शक्ती वाढते असा सिद्धांत झाला. १८२८ मध्ये जुनाट रोगांच्या मुळाशी ‘सोरा’ नावाचा दोष असल्याचे त्यांनी सांगितले, तर १८३३ च्या आवृत्तीत अदृश्य ‘जीवनशक्ती’ला मध्यवर्ती स्थान मिळाले. अमेरिकेत केंट यांनी हाच धागा आणखी आध्यात्मिक केला.

आता हिशेब पाहा. ‘३० सी’ म्हणजे दर वेळी शंभरपट, असे तीस वेळा पातळ केलेले औषध. म्हणजे एकावर साठ शून्ये! आमच्या बँकेच्या लेजरात एवढा आकडा मावणार नाही. बाराव्या वेळेनंतरच मूळ द्रव्याचा एक रेणूही उरण्याची शक्यता फार कमी होते. रेणूच्या आकाराचा अंदाज लोश्मिट यांनी १८६५ साली बांधला आणि हानेमान १८४३ सालीच पॅरिसमध्ये वारले होते, तेव्हा त्यांना याचा दोष देता येत नाही. आजच्या अभ्यासकाला मात्र ही सवलत नाही. २०१५ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने उपलब्ध अभ्यास तपासले, तेव्हा होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वसनीय पुरावा एकाही आजारात आढळला नाही. क्षयरोगाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन बंद करून कोणी हे उपचार घेत असेल, तर त्याच्या जिवाला धोका आहे.

भारतात या पद्धतीला १९७३ च्या कायद्याने मान्यता दिली व २०२० साली त्या जागी राष्ट्रीय होमिओपॅथी आयोगाचा कायदा आला. ‘ऑर्गेनॉन’ आजही अभ्यासक्रमात आहे. त्याची सहावी आवृत्ती हानेमान यांनी १८४२ मध्ये तयार केली होती, पण ती छापून आली १९२१ साली.