शेण काढणारा यंत्रमानव

झरी जामणीत आपली पहाट गोठ्यातलं शेण काढण्यात जाते. नेदरलँड्समध्ये काही गोठ्यांत हे काम यंत्रमानव करतो. तिथल्या लेली भावंडांनी १९४८ मध्ये छोटी कंपनी काढली. त्यांचं पहिलं यंत्र वाळलेलं गवत गोळा करायचं. १९९२ मध्ये कंपनीचा दूध काढणारा यंत्रमानव आला, नंतर शेण लोटणारा. तो गोठ्यात फिरत शेण फरशीच्या फटींतून खालच्या खड्ड्यात ढकलतो. तिथं मजुरी महाग, गोठ्यातला तासन्‌तास हिशेबात धरला जातो. म्हणून अशी यंत्रं खपतात.

आपल्या मातीच्या गोठ्यात ते चालायचं नाही. शिवाय शेण आपल्याला खताला, गोवऱ्यांना हवंच. पण आपला पहाटेचा तास कुणाच्या हिशेबात आहे? यंत्र नसलं तरी उद्या एक टोपलं घरच्या पुरुषांनी उचलावं, एवढं तरी सांगूया.